दोन मिनिटांचे वडील

जगात इंग्रजी भाषा दोन प्रकारची आहे: एक बोलायची आणि एक परीक्षेची. पहिली कोणालाही येऊ शकते. दुसरी यायला क्लास लावावा लागतो. हे सत्य आम्हाला फार उशिरा कळले, कारण आमच्या घरात तोवर पहिलाच प्रकार वापरात होता आणि तोही फक्त मोबाईल कंपनीचा फोन आल्यावर.

माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे न वाकणारे गुडघे वाकवणे हा तिचा व्यवसाय. इस्पितळात ती दिवसभर डॉक्टरांशी इंग्रजीत बोलते, रोग्यांवर इंग्रजीत ओरडते आणि रोग्यांचे नातेवाईक तिचे इंग्रजीत आभार मानतात. (रोगी मानत नाहीत. ज्याचा गुडघा वाकवला जातो आहे तो आभार मानण्याच्या मनःस्थितीत नसतो.) तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, इलेक्ट्रिशियन आहेत. ते आधीच परदेशी गेले. त्या देशाचा नियम असा की विजेचे काम करणाऱ्याला इंग्रजी बोलण्यात सहा गुण पुरतात, पण गुडघ्यांचे काम करणाऱ्याला सात लागतात. मला हा नियम अत्यंत शास्त्रीय वाटतो. वायरला कुठे दुखते ते विचारावे लागत नाही.

तर असा हा एक गुण आमच्या मुलीच्या आणि तिच्या संसाराच्या मध्ये येऊन बसला होता. जावयांनी तिकडे भाड्याचे घर घेतले होते आणि कपाटाचा अर्धा भाग तिच्यासाठी रिकामा ठेवला होता. अधूनमधून ते त्या रिकाम्या भागाचा फोटो पाठवत. फोटो आला की मुलगी आत जाऊन दार लावून घेई आणि तिची आई माझ्याकडे अशी बघे, की जणू ते सात गुण मीच कुठेतरी ठेवून विसरलो आहे. वर्ष संपायच्या आत सात आले नाहीत तर तिच्या व्हिसाची फाईल बंद होणार होती. मग सगळे पहिल्यापासून, आणि तोवर वय वाढले म्हणून व्हिसाच्या अर्जातले वयाचेही गुण कमी. (त्या देशात माणूस जसजसा शहाणा होत जातो तसतसे त्याचे गुण कमी करतात. दूरदृष्टीचा देश आहे.)

परीक्षा देण्यापेक्षा परीक्षा निवडणे अवघड असते. मुलीचे लग्न ठरवतानाही आम्ही एवढी चौकशी केली नव्हती. (जावई तिनेच आणले होते, त्यामुळे चौकशीला फारसा वाव नव्हता, हे खरे.) त्या देशाला चालणाऱ्या परीक्षा तीन. त्यांची खरी नावे लांबलचक आहेत. आमच्या घरात त्यांना यंत्राची, घरबसल्याची आणि माणसाची असे म्हणत.

यंत्राच्या परीक्षेत कानाला हेडफोन लावून संगणकाशी बोलायचे असते. जावयांचा कल या परीक्षेकडे होता. यंत्र भुवया उंचावत नाही, जांभई देत नाही आणि आपल्या चपलांकडे बघत नाही, हे त्यांचे मुद्दे बिनतोड होते. फक्त एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही, ती म्हणजे त्या खोलीत सगळे उमेदवार एकदमच बोलतात. मुलीच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी प्रदूषणावर असा काही आवाज लावला, की मुलीच्या यंत्राने तिचे उत्तर सोडून त्यांचेच टिपून घेतले. ते गृहस्थ तिच्या खात्यावर नापास झाले.

घरबसल्याची परीक्षा आपल्याच खोलीत, आपल्याच संगणकावर देता येते. अट इतकीच की कॅमेऱ्यातून आधी सगळी खोली दाखवायची आणि परीक्षा संपेपर्यंत खोलीत दुसरे कोणी यायचे नाही. आमच्या घरात ज्या खोलीत दुसरे कोणी येत नाही अशी एकच खोली आहे आणि तिथे टेबल मावत नाही. तरी आम्ही बाहेरच्या खोलीचे पडदे लावले, घंटी काढून ठेवली आणि मला गच्चीत पाठवण्यात आले. सगळे सुरळीत चालू असताना मुलीची आई दार उघडून आत गेली आणि म्हणाली, "बाळा, काही खाऊन घेतेस का?" परीक्षा तिथेच रद्द झाली. कारणाच्या रकान्यात लिहिले होते: अनोळखी व्यक्तीकडून मदत. 

"अनोळखी?" ती दिवसभर म्हणत होती. "मी अनोळखी? आणि मदत कसली? पोरगी उपाशी बसली होती!"

उरली माणसाची परीक्षा. तिच्यात समोर खराखुरा परीक्षक बसतो, एक कार्ड देतो आणि कार्डावरच्या विषयावर दोन मिनिटे बोलायला सांगतो. थांबायचे नाही, अडखळायचे नाही, तेच ते बोलायचे नाही. माणसाने माणसाशी बोलायचे, ही कल्पना आम्हाला फारच पसंत पडली. मग सगळ्यांनी सांगितले की माणसाशी बोलायचे तर क्लास लावायलाच हवा.

क्लास आमच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. तो चालवणाऱ्या सरांना स्वतःला या परीक्षेत नऊपैकी नऊ मिळालेले आहेत, आणि तेही अनेकदा. ते परदेशी का गेले नाहीत असे एकदा मी विचारले. सर म्हणाले, "काका, मी गेलो तर बाकीचे कसे जाणार?" एवढा त्याग मी फक्त भाषणांत ऐकला होता. खोलीत बाके, पंखा, भिंतीवर मोठे घड्याळ आणि ज्यांना सात मिळाले त्यांचे फोटो. फोटोतली माणसे हसत आहेत. ज्यांना मिळाले नाहीत ती माणसे फोटोंच्या समोर, बाकांवर बसलेली असतात.

सरांची पद्धत मी मनापासून वाखाणतो. त्यांचे म्हणणे, परीक्षक खरेखोटे तपासत नाही, भाषा तपासतो. तेव्हा खरे सांगण्यात वेळ का घालवा? खरे आठवावे लागते, आठवताना माणूस थांबतो आणि थांबला की गुण जातात. म्हणून सरांनी सगळ्या वर्गासाठी मिळून एक आजोबा तयार केले होते. आवडती व्यक्ती विचारली, तर आजोबा. कोणाकडून काही शिकलात? आजोबांकडून. आठवणीतला प्रवास? आजोबांबरोबरचा. जुनी वस्तू? आजोबांची काठी. हे आजोबा पहाटे उठत, शेजारपाजारच्या मुलांना फुकट शिकवत, धंद्यात एकदा पार बुडाले आणि पुन्हा उभे राहिले, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्यांनी गावासाठी स्वतःच्या हातांनी विहीर खोदली. शेवटी ते आरामखुर्चीत, हातात पुस्तक असताना, शांतपणे गेले. 

आजोबा गेलेलेच हवेत, याबद्दल सर ठाम होते. जिवंत माणसाबद्दल बोलताना भाषा एकाच जागी उभी राहते. गेलेल्या माणसाबद्दल ते काय करत, काय करत असत आणि असते तर काय म्हणाले असते, असे सगळे काळ हाताशी येतात. "काळ वापरले की गुण वाढतात," सर म्हणत. खुद्द सरांचे आजोबा त्यांच्याच घरी सुखरूप होते आणि रोज वर्गाची किल्ली घेऊन येत, पण त्यांचा अभ्यासक्रमाला काही उपयोग नव्हता.

माझ्या मुलीने हे आजोबा पाठ केले आणि ती परीक्षेला बसली. कार्ड अपेक्षेप्रमाणे आवडत्या व्यक्तीचेच निघाले. परीक्षक एक वयस्कर बाई होत्या. मुलगी छान बोलत होती. "माझ्या आजोबांनी गावासाठी स्वतःच्या हातांनी एक..." इथे तिने श्वास घ्यायला एक क्षण घेतला. तेवढ्यात परीक्षक बाईंनीच शब्द पुरवला: "विहीर." 

मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "पाणी लागलं का?"

याचे उत्तर सरांनी दिलेले नव्हते. बोलण्यात साडेसहा आले.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात जाहीर केले की आजोबांना निवृत्त करण्यात येत आहे. या परिसरात जेवढे आजोबा होऊन गेले असतील त्यांच्यापेक्षा त्यांनी खोदलेल्या विहिरींची संख्या जास्त झाली होती, आणि परीक्षकांचा पाण्यावरचा विश्वास उडाला होता. वर्गाने आजोबांना उभे राहून श्रद्धांजली वाहिली. एका मुलीला रडू आवरेना. तिने त्यांच्यावर पाच महिने घालवले होते. यापुढे, सर जड आवाजात म्हणाले, नाइलाज म्हणून खरे नातेवाईक वापरावेत.

अशा रीतीने माझा नंबर लागला.

मुलीने संध्याकाळी घड्याळ लावले आणि माझ्याबद्दल इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मी समोरच बसलो होतो. माझे वडील साधे आहेत. ते एका विमा कंपनीच्या कार्यालयात होते. ते वेळेवर जात आणि वेळेवर येत. त्यांना चहा आवडतो. ते फारसे बोलत नाहीत. इथे ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. मी मदत करावी म्हणून जरा सरळ बसलो. तिने पुन्हा सांगितले की मला चहा आवडतो. घड्याळात चाळीस सेकंद झाले होते.

"जरा आठवून बघ," मी म्हणालो. "अजून असेल काहीतरी."

"बाबा, मी तेच करतेय."

सरांनी मला वर्गात बोलावून घेतले. माझ्यापुरते बोलायचे तर, निवृत्त झाल्यापासून माझ्यात कोणी एवढा रस घेतला नव्हता. त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवले आणि चौकशी सुरू केली.

"काका, काम नेमकं काय होतं?"

"आवक विभाग. बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि क्रमांक घालायचा."

"कागदात काय काय असायचं? अपघात, मृत्यू, काही भानगडी?"

"ते वाचायचं काम दुसऱ्यांचं होतं."

"बरं. आयुष्यात एखादं संकट?"

"तसं काही नाही."

"आजारपण? ऑपरेशन?"

"एकदा दाढ काढली."

"बक्षीस, सत्कार?"

"निवृत्त झालो तेव्हा घड्याळ दिलं."

"चालतंय?"

"नाही."

सरांचा चेहरा उजळला. "बघा! बंद पडलेलं घड्याळ. यातून काळाबद्दल खूप काही बोलता येईल."

"सेल घातला की चालतं," मी म्हणालो. मला खोटी आशा लावायची नव्हती.

माझ्याबरोबर आलेली मुलीची आई इतका वेळ वर्गाच्या दारात उभी होती. तिला हे सहन झाले नाही. "ह्यांना काय विचारताय?" ती म्हणाली. "मला विचारा." आणि तिने सुरुवात केली. ह्यांना काहीही विचारा, 'बघू' म्हणतात. लग्नाला होकार देतानासुद्धा 'बघू' म्हणाले होते, माझे वडील आठवडाभर झोपले नव्हते. नळ गळतो, बघू. दिवा गेला, बघू. ओला टॉवेल गादीवर. एकदा मला बाजारात विसरून घरी आले आणि स्वतःच दार लावून बसले. सर घड्याळाकडे बघतच राहिले. ती अडखळली नाही, तोच शब्द पुन्हा वापरला नाही, तिन्ही काळांत लीलया वावरली आणि दोन मिनिटे केव्हाच मागे पडली होती. सर हळूच म्हणाले की ह्या नऊ आहेत. पण ते सगळे मराठीत होते, आणि परीक्षेला वडिलांच्या तक्रारी चालत नाहीत, वडिलांचे आदर्श लागतात. एवढा साठा असूनही माल निर्यातीला योग्य ठरला नाही.

शेवटी सरांनी मला माझ्यात काय काय कमी आहे ते समजावून सांगितले. दोन मिनिटांच्या माणसाला एक छंद लागतो, एक संकट लागते, एक शिकवण लागते आणि शेवटी ऐकणाऱ्याचा कंठ दाटून यावा असे काहीतरी लागते. माझ्याकडे चहा होता. "परीक्षेला अजून अवकाश आहे, काका," ते म्हणाले. "मनावर घ्या."

मी मनावर घेतले. मुलीचा संसार अडला होता आणि तो माझ्यामुळे अडला होता, हे मला फार लागले होते. आयुष्यभर वेळेवर जाऊन वेळेवर येणारा माणूस आपल्या मुलीच्या वाटेत असा आडवा पडेल, असे कोणाला वाटले असते?

छंद म्हणून मी खिडकीत रोपे लावली. त्यांनी आठवड्यातच माना टाकल्या. सरांच्या मते यातून अपयशाला सामोरे जाणे दाखवता आले असते, पण रोपे फारच लवकर मेली, सामोरे जायला वेळच मिळाला नाही. संकट म्हणून मी पोहायला जाऊ लागलो. मला लहान मुलांच्या बाजूला उतरवण्यात आले. तिथे पाणी कमरेपर्यंत येते आणि बुडायचे ठरवले तरी खाली बसावे लागते. मग मी शेजाऱ्यांची सायकल मागून घेतली. या वयात सायकल शिकण्यात चिकाटी, धैर्य आणि शिकवण असे तिन्ही एकदम साधते, असे गणित होते. ते बरोबर निघाले. तिसऱ्या दिवशी मी क्लासच्याच खाली, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर आपटलो. सर वरून धावत आले आणि त्यांचे पहिले शब्द होते, "काका, आलं बघा संकट!"

उजवा गुडघा सुजला. तो मुलीच्या ताब्यात गेला.

मी पलंगावर आडवा पडलो होतो आणि ती माझा पाय धरून वाकवत होती. तिला काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती इस्पितळातल्या आवाजात माझ्यावर इंग्रजीत ओरडली, मग लक्षात आल्यावर मराठीत ओरडली.

"कोणी सांगितलं होतं सायकल चालवायला?"

"तुझे सेकंद वाढतील म्हणून."

ती हसली. मग हसायची थांबली आणि तिने गुडघा वाकवणेही थांबवले.

"बाबा, तुम्हाला काय व्हायचं होतं हो?"

"कधी?"

"लहानपणी. तरुणपणी. कधीही."

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर शोधायला वेळ लागला. (परीक्षेत असतो तर तिथेच नापास झालो असतो.) "रेडिओवर बातम्या सांगायच्या होत्या," मी म्हणालो. ऑफिसात दुपारी सगळे जेवायला गेले की मी आलेल्या पाकिटांवरचे पत्ते बातम्यांच्या आवाजात मोठ्याने वाचत असे, हेही सांगितले. तिचा विश्वास बसेना. तिने मलमाच्या खोक्यातला कागद माझ्या हातात दिला. मी घसा साफ केला आणि हे मलम डोळ्यांपासून दूर ठेवावे, जखमेवर लावू नये व लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, ही बातमी देशाला सांगितली. ती इतकी हसली की तिची आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

त्यानंतर ती रोज गुडघा वाकवायला बसे आणि काहीतरी विचारी. मीही विचारत असे. तिला अंधाराची अजून भीती वाटते हे मला माहीत नव्हते. मला खूप बरे वाटत होते. इतके, की गुडघा लवकर बरा होऊ नये असे वाटू लागले. सरांनी मात्र या सगळ्यातून फक्त रेडिओ उचलला. अपूर्ण स्वप्न, ते म्हणाले, हे तरी कुठेही खपते.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर लंगडत फेऱ्या मारत होतो. ती बाहेर आली.

"काय आलं होतं कार्डावर?"

"ज्याच्यामुळे धीर आला अशी व्यक्ती."

"मग? कोण सांगितलंस?"

"तुम्ही."

"पुरलो का?"

"बाईंनी थांबवलं मला मध्येच. दोन मिनिटं झाली म्हणून."

"काय बोललीस एवढं?"

"अहो बाबा, ते बाहेर सांगायचं नसतं. नियम आहे." 

साडेसात आले. अर्धा गुण वरचा. तो मी माझा समजतो.

ती गेली. कपाटाचा अर्धा भाग भरला, त्याचाही फोटो आला. विमानतळावर मी रडलो नाही. घरी आलो, तिच्या खोलीतला पंखा चालूच राहिला होता, तो बंद केला आणि मग रडलो, चांगला मोठ्याने. मुलीची आई शेजारी येऊन बसली. तीही रडत होती. थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाली, "हेच आधी केलं असतंत तर दहा-पंधरा सेकंद सहज मिळाले असते."

यानंतरची गोष्ट क्लासच्या भरभराटीची आहे. एकदा औषधे आणायला गेलो असताना वरून आवाज आला. वीसपंचवीस माणसे एका सुरात इंग्रजीत म्हणत होती की माझे वडील एका विमा कंपनीत आवक विभागात होते. मी जिना चढून वर गेलो. सरांनी मला मिठी मारली.

"काका, अभिनंदन! तुम्ही अभ्यासक्रमात आलात."

झाले होते असे, की जाण्यापूर्वी मुलीने आपले दोन मिनिटांचे बोलणे सरांना जसेच्या तसे सांगितले होते. (सात मिळवणाऱ्याने क्लासला मागे काहीतरी ठेवून जायचे, अशी तिथली रीत आहे. नियम फक्त आईवडिलांना लागू असतो.) आजोबांची जागा रिकामीच होती. तिथे माझी नेमणूक झाली. सरांनी एका उमेदवाराला उभे केले. तो एका हॉटेलात स्वयंपाकी होता, माझ्या दुप्पट आकाराचा, भरघोस मिशांचा. त्याने हात पाठीमागे बांधले आणि माझ्याबद्दल बोलायला लागला.

रेडिओ आला. सायकल आली. मग तो म्हणाला की मी दहा वर्षांची मुलगी असताना शाळेत माझे भाषण होते. ('असताना'च्या आधीचा शब्द सरांनी तिथल्या तिथे सुधारला.) चार वाक्ये झाली आणि पुढचे काही आठवेना. मुले हसायच्या बेतात होती. तेवढ्यात शेवटच्या रांगेत एक माणूस उभा राहिला आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागला, जणू भाषण पूर्ण झाले आहे. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या. मी नमस्कार करून खाली उतरलो. ते माझे वडील होते. त्या प्रसंगाबद्दल ते घरी कधी एक शब्द बोलले नाहीत. आजही बोलताना शब्द सुचेनासा झाला की मला वाटते, शेवटच्या रांगेत ते उभे आहेत.

स्वयंपाक्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

तो कार्यक्रम मला आठवला. शेवटच्या रांगेत मीच होतो. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मला खरोखरच वाटले होते की भाषण संपले. छोटेसे, मुद्द्याचे, छान भाषण. मी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि घरी त्याबद्दल काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे काही घडले आहे हे मला कळलेच नव्हते. हे मी मुलीला सांगितलेले नाही. सरांनाही नाही. एकदा लागलेल्या अभ्यासक्रमात बदल करणे फार कटकटीचे असते.

स्वयंपाक्याने डोळे पुसले आणि शेवट केला: "आज ते आपल्यात नाहीत."

मी सरांकडे पाहिले. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काळांसाठी, काका. मनाला लावून घेऊ नका."

"कधी गेलो?"

"मागच्या वर्षी. शांतपणे. जवळ रेडिओ चालू होता."

मरण चांगले दिले होते, तक्रारीला जागा नव्हती. आजमितीस मी दोन परिचारिका, एक वेल्डर, तीन ड्रायव्हर आणि एका सुताराचा दिवंगत पिता आहे. सुतार माझ्याहून मोठा आहे. रस्त्यात भेटला की तो खाली वाकून नमस्कार करतो आणि मीही त्याला तोंडभर आशीर्वाद देतो.

मुलीचा फोन दर रविवारी येतो. "बाबा, कसे आहात?" "बरा आहे. तू?" "मी पण. गुडघा काय म्हणतोय?" "वाकतो." "थंडी आहे का तिकडे?" "बेताची. तिकडे?" "खूप." मग दोन्हीकडे जरा शांतता होते आणि ती म्हणते, "आई आहे का जवळ?" मी फोन देतो. सगळे मिळून चाळीस सेकंद. दोघांची मातृभाषा एकच, थांबवायला परीक्षक नाही, गुण कापायला कोणी नाही. बहुधा म्हणूनच.

आता तुम्ही म्हणाल की हे परदेशी जाणाऱ्यांचे चोचले झाले, आपल्याला कुठे जायचे आहे. अगदी बरोबर. तुम्हाला सात नकोत, सहाही नकोत. भाषा तुमचीच घ्या. फक्त हे पुस्तक मिटा, घड्याळ लावा आणि आपल्या वडिलांबद्दल दोन मिनिटे बोला. साधे होते, कष्टाळू होते, आमच्यासाठी खूप केले, हे सगळे धरायला माझी हरकत नाही. विहीर तेवढी सोडा. 

झाले? किती भरले? असू द्या, लाजायचे कारण नाही. औषधाच्या दुकानावर पहिला मजला, तिथे वडील तयार मिळतात. मात्र तुमचे स्वतःचे अजून हयात असतील आणि पलीकडच्या खोलीत बसले असतील, तर पुन्हा बोलून बघताना आधी दार लावून घ्या. त्यांच्याकडेही घड्याळ असते.